नाताळची सुट्टी, रिकामं घर आणि अरीनाची हजेरी

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे स्टुटगार्टला नोकरी करतात, वय चौतिशीच्या आसपास, एकटे राहतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्यातल्या कॉलेजच्या तीन मित्रांबरोबर त्यांनी 'मॅजिक: द गॅदरिंग अरीना' हा ऑनलाइन पत्त्यांचा खेळ सुरू केला. तेव्हा रात्ररात्र धमाल चालायची. आता ते तिघे संसारात गुंतले, खेळ सुटला. हे मात्र रोज लॉगिन करतात. नाताळात ऑफिस दोन आठवडे बंद, सहकारी आपापल्या गावी, त्या दिवसांतली विमानाची तिकिटं आवाक्याबाहेर. गेल्या वर्षी पहाटे तीनपर्यंत खेळत राहिले, हरत राहिले आणि उठताना स्वतःवरच चिडले. नवीन सेट (नव्या पत्त्यांचा संच) आला की पत्ते वाचायला अजून मजा येते, पण 'प्ले' दाबताना जीव जड होतो. "खेळ नकोसा झालाय की मीच बिघडलोय? अ‍ॅप काढून टाकू का?" हा त्यांचा सवाल.

अ‍ॅप २४ डिसेंबरच्या रात्री काढू नका. काढायचंच असेल तर ७ जानेवारीनंतर, ऑफिस सुरू झाल्यावर काढा. असं का, ते पुढे येईलच.

तुम्हाला खेळाचा कंटाळा आलाय असं मला वाटत नाही. कंटाळलेला माणूस नव्या सेटचे पत्ते वाचत बसत नाही आणि अंघोळ करताना मनात डेक (खेळायला निवडलेली पत्त्यांची गड्डी) जुळवत नाही. तुम्हाला कंटाळा आलाय तो रोजच्या लॉगिनच्या हजेरीचा. गोची अशी आहे, की नाताळच्या सुट्टीत तुम्ही आलात की नाही हे विचारणारं दुसरं कुणीच उरत नाही. मग नकोशी झालेली ती हजेरीच सोबत वाटू लागते. रात्री तीनला येणारा राग या दोन गोष्टींच्या गुंत्यातून येतो. तो सोडवायचा तर दोन्ही वेगळ्या काढून पाहाव्या लागतील.

आधी हजेरी. अरीनात रोज एक नवीन क्वेस्ट, म्हणजे नेमून दिलेलं काम, मिळते: अमुक रंगाचे इतके पत्ते खेळा, इतक्या लँड (बाकीचे पत्ते खेळायला ताकद पुरवणारे पत्ते) टाका, इतक्या क्रीचरनी (लढणाऱ्या पत्त्यांनी) हल्ला करा. बक्षीस ५०० किंवा ७५० सोनं, म्हणजे खेळातलं चलन. दिवसाच्या पहिल्या विजयाला वेगळं सोनं आणि पुढच्या विजयांना उतरत्या भाजणीने कमी. दिवस बदलतो तो मध्यरात्री नव्हे, जर्मनीत हिवाळ्यात सकाळी दहाला. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी डोळे उघडून चहा होतो न होतो तोच नवं काम हजर असतं. महिनाअखेरीला रँकचा (जिंकत वर चढायच्या शिडीचा) हंगाम संपतो, म्हणजे नेमका ३१ डिसेंबरलाच, आणि पुढच्या महिन्यात तुम्हाला काही पायऱ्या खाली आणून पुन्हा चढायला लावलं जातं.

आवडीच्या गोष्टीला ठरलेलं बक्षीस चिकटवलं की आवड पातळ होते, हे मानसशास्त्रात जुनं आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर बक्षिसाचं प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी बक्षीस नसताना मोकळा वेळ दिला, तर हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. बक्षीस अचानक मिळालेल्या मुलांचं तसं झालं नाही. आधी कबूल केलेलं बक्षीस खेळाचं काम करून टाकतं. तुमचं वर्षानुवर्षं रोज सकाळी दहाला हेच होत आलंय.

यावर उपाय सोपा आहे, पण तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. क्वेस्ट तीनपर्यंत साठतात. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी खेळलात तरी एकही क्वेस्ट बुडत नाही. त्या हरतानाही पूर्ण होतात, जिंकायची गरज नसते. रोज एक क्वेस्ट बदलून घेता येते, तेव्हा ५०० वाली आली तर बदलून पाहावी, कधी ७५० ची पदरात पडते. दर तिसऱ्या दिवशी बसलात तर रोजच्या विजयांचं थोडं सोनं तेवढं जातं. जाऊ द्या. नव्या पत्त्यांचा एक पॅक १००० सोन्याला मिळतो. या हिशेबात तुमचा एक तास किती स्वस्त ठरतो ते एकदा कागदावर मांडा, मग ते सोनं गेल्याचं फार दुःख होणार नाही.

आता सोबतीकडे येऊ.

आपल्याकडे पत्ते हे निमित्त असतं. गणपतीत जागरणाला मेंढीकोटाचा डाव मांडतात तेव्हा कुणाकडे किती दश्शा आल्या याला फार महत्त्व नसतं. भिडूने चुकीचं पान टाकलं म्हणून घातलेल्या शिव्या, मधेच आलेला चहा, मागे बसून दोघांची पानं बघणारी आत्या, हाच खरा मामला. २०२० मधले तुमचे चौघांचे डावही त्याच जातीचे होते. अरीना पडद्यावर होती, पण कानात मित्रांचे आवाज होते. त्यातले आवाज गेले आणि पडदा राहिला. अरीनात अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी गप्पा मारायची सोयच नाही. "हॅलो", "छान", "विचार करतोय", "अरेरे" असे ठरलेले पाचसात इमोट तेवढे आहेत, आणि हरणारे लोक ते टोमणे म्हणूनच वापरतात. सहा तास खेळून उठता तेव्हा त्या सहा तासांत तुमच्याशी कुणी एक शब्द बोललेलं नसतं. समोर माणूस होता खरा, पण भेटला कुणीच नाही. त्यामुळे थकवा माणसांत वावरल्याचा येतो आणि पोट मात्र रिकामंच राहतं.

रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे केले, ते इथे कामाला येतात. एक, टोळकं नसण्याचा: ज्यांच्यात आपण मोजले जातो अशी चारदोन माणसं नसणं. दुसरा, जवळचं एक माणूस नसण्याचा. पहिल्यावर टोळकं मिळणं हाच उतारा आहे. दुसऱ्यावर टोळकं चालत नाही, मग ते कितीही मोठं असो. तुमच्या लिखाणात पहिला प्रकार ठळक दिसतो. दुसरा आहे की नाही ते तुम्हीच तपासा. असेल तर महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर तुम्हाला अधिकच रितं वाटेल, आणि त्यात मंडळाचा काही दोष नसेल.

त्यात नाताळची एक खास अडचण. दिवाळीला तुम्ही ऑफिसात असता आणि घरचे फराळाचे फोटो पाठवतात. नाताळात तुम्ही मोकळे असता, पण तिकडे घरच्यांचा साधा आठवडा चाललेला असतो आणि इकडे सण दुसऱ्यांचा. २४ ला दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद, ख्रिसमस मार्केट २३ लाच आवरलेलं, २५ आणि २६ दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. स्टुटगार्टला त्या आठवड्यात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. साडेचार ही मोठी वाईट वेळ. आपल्याकडे दिवेलागणीला घरात माणसं परततात, तिथे त्याच वेळी रस्ता रिकामा होतो. लॉगिन नेमकं याच सुमारास होत असेल, असा माझा अंदाज आहे. नसेल तर सोडून द्या.

अंदाजावर विसंबू नका, तीन दिवस नोंद करा. वही किंवा फोनमधली नोंद, काहीही चालेल. दर वेळी अ‍ॅप उघडायच्या आधी एक शब्द: "खेळ", "हजेरी", "कुणी नाही" किंवा "झोप नाही". खेळावंसं वाटतंय, क्वेस्ट संपवायच्यात, कुणाशी तरी बोलायला हवं होतं, की नुसती झोप येत नाही, एवढंच. मग बंद करताना वेळ लिहा आणि शून्य ते दहात मन कसं आहे तो आकडा. नोंद आधी करायची, मागाहून नाही. मागाहून लिहिली की प्रत्येक वेळी "खेळ" असंच लिहिलं जातं, कारण आपण स्वतःला सवलत देत असतो. तीन दिवसांत दहाबारा ओळी होतील आणि तेवढ्या पुरतात.

"खेळ" लिहून बसलात आणि उठताना आकडा चढला असेल, तर ते खेळणं तसंच राहू द्या, त्याला हात लावू नका. "हजेरी"च्या ओळी जास्त निघाल्या तर वरचा तिसऱ्या दिवसाचा उपाय लागू करा. "झोप नाही"च्या ओळी बहुतेक रात्री अकरानंतरच्या असतील, त्यावर उतारा उजेड आणि उठायची वेळ. सुट्टीतही साडेआठला उठा आणि नऊ-दहाच्या दरम्यान अर्धा तास बाहेर पडा, आभाळ भरलेलं असलं तरी. पडद्यापेक्षा तो उजेड कितीतरी पटींनी जास्त असतो. आणि "कुणी नाही"च्या ओळींना अरीनात उत्तर नाही. तिथे फोनच उचलावा लागतो.

रात्री हरत जाण्याबद्दल थोडं गणित सांगतो, कारण तुम्ही त्याला स्वतःचा दोष मानताय. समजा तुमची जिंकण्याची शक्यता अगदी निम्मी आहे. २० डाव खेळलात तर त्यात कुठेतरी लागोपाठ पाच हारी येण्याची शक्यता २५ टक्के. ५० डाव खेळलात तर अर्ध्याहून जास्त. म्हणजे सुट्टीत दिवसाला २५-३० डाव खेळणाऱ्याला दर दोन-तीन दिवसांनी पाच हारींची माळ मिळणार हे जवळजवळ ठरलेलंच. तुम्ही बिघडल्याचा तो पुरावा नव्हे.

आणखी एक हिशेब. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये २४ लँड असतील, तर पहिल्या सात पत्त्यांत एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता साधारण १४ टक्के, म्हणजे सातातून एकदा. अरीना एका डावाच्या सामन्यात सुरुवातीचा हात थोडा सावरून देते, पण तीन डावांच्या सामन्यात देत नाही. हे माहीत नसलं की एका प्रकारातून दुसऱ्यात गेल्यावर "आज नशीबच फुटकं" असं वाटायला लागतं.

रँकची शिडी तर याहून लबाड. वरच्या वर्गांत विजयाला एक खूण वर, हारीला एक खूण खाली. समजा पुढच्या वर्गाला २४ खुणा हव्यात. १०० पैकी ५५ डाव जिंकणाऱ्याला शंभर डावांत निव्वळ १० खुणा मिळतात, म्हणजे सुमारे २४० डाव. डाव आठ मिनिटांचा धरला तर ३२ तास. ५२ टक्केवाल्याला ६०० डाव आणि ८० तास. फरक फक्त तीन टक्क्यांचा, आणि रात्री एकनंतर दमलेल्या डोक्याने ते तीन टक्के सहज गळतात. दिवसा चढलेलं रात्री उतरतं, हे तुम्ही गेल्या डिसेंबरात पाहिलंच आहे.

म्हणून सुट्टीत शिडी नको. जो प्रकार आपणहून संपतो तो खेळा. क्विक ड्राफ्ट, म्हणजे पॅकमधून एकेक पत्ता निवडत डेक बनवायचा प्रकार, हा त्यातला बरा: प्रवेश ५००० सोनं किंवा ७५० जेम (पैसे देऊन घेता येणारं खेळातलं दुसरं चलन), पत्ते निवडताना समोर बॉट (संगणकाचे खेळाडू) असतात म्हणून घाई नाही, ४० पत्त्यांचं डेक (साधारण १७ लँड, २३ बाकीचे), आणि सात विजय किंवा तीन हारी झाल्या की कार्यक्रम आटोपला. मधेच उठलात तरी त्या ड्राफ्टची ठरलेली मुदत संपेपर्यंत वेळ असतो, उद्या पुढे खेळता येतो. शिडीला असा शेवट नाही. "आणखी एक" म्हणत राहण्याचं खरं कारण बऱ्याचदा एवढंच असतं, इच्छाशक्तीचा प्रश्न नंतर येतो. शिडीवर बसायचंच असेल तर लागोपाठ दोन हारी झाल्या की उठायचं. तीन नाही, दोन. तिसऱ्या हारीनंतर माणूस उठत नाही. प्रतिस्पर्ध्याचे इमोट त्याच्या चित्रावर क्लिक करून बंद करता येतात, तेही पहिल्याच डावाला करून टाका.

पैशांबद्दल एकच सांगतो. डिसेंबरात रात्री दहानंतर जेम विकत घेऊ नका आणि अ‍ॅप स्टोअरमधलं साठवलेलं कार्ड काढून ठेवा. पुन्हा कार्ड नंबर टाकण्याच्या दोन मिनिटांत बरंच काही थंड होतं.

आता ते दोन आठवडे कसे भरायचे. सगळे दिवस भरू नका, चारच जागा धरा.

पहिली जागा २४ ची संध्याकाळ. जर्मन माणूस ती घरच्यांसाठी राखतो. त्या दिवशी आपल्याला कुणी बोलावलं नाही याला काही अर्थ चिकटवू नका. तिथे तो रिवाजच आहे. बऱ्याच शहरांत चर्च आणि समाजसेवी संस्था एकट्या माणसांसाठी २४ ला जेवण ठेवतात, धर्म विचारत नाहीत. आदल्या आठवड्यात नाव द्यावं लागतं. तिथे वाढायला जाता आलं तर उत्तम. नुसतं बसण्यापेक्षा हाताला काम असलं की अनोळखी माणसांत जास्त सोपं जातं. भाषा तोडकीमोडकी असली तरी वाढपी चालतो.

दुसरी जागा रोजच्या साडेचारची. इथे पुण्याच्या मित्रांना आणा. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे तुमचे दुपारचे साडेचार हे त्यांचे रात्रीचे नऊ. मुलं झोपायला गेलेली असतात, माणूस मोकळा होतो. "कधीतरी खेळूया रे" असा मेसेज टाकू नका, त्याला "नक्की!" एवढंच उत्तर येतं. असा टाका: "२७ ला तुझ्या रात्री नऊला तासभर आहेस का? अरीनावर दोन डाव, व्हॉट्सअ‍ॅप कॉल चालू ठेवू. खेळायचं विसरला असशील तर फुकटच्या डेकवर खेळ, मीही तसलंच घेतो. अ‍ॅप आधी अपडेट करून ठेव, डाउनलोड मोठा असतो." दिवस, वेळ, किती वेळ आणि नकार द्यायला सोपी वाट, हे चारही त्यात आहे. मित्रांच्या यादीतून थेट आव्हान पाठवता येतं. त्याला रँक नाही, बक्षीस नाही, म्हणजे हजेरीही नाही. तिघांपैकी एक जरी आला तरी पुष्कळ. तोही आला नाही तर आईला फोन लावा, पण "तू एकटाच आहेस ना रे?" ने सुरू होणारा नव्हे. तुम्हीच एखाद्या पदार्थाची कृती विचारून सुरुवात करा. आईला काळजीपेक्षा काम दिलेलं बरं.

तिसरी जागा २७ ते ३० डिसेंबर. सगळा घोळ बहुतेकांचा इथे होतो. परदेशी राहणारे २४-२५ ला कुणी विचारत नाही म्हणून रुसून बसतात आणि २७ नंतरचे मोकळे दिवस वाया घालवतात. सण उरकल्यावर जर्मन सहकारी सासर-माहेर करून कंटाळलेले असतात, घराबाहेर पडायला त्यांनाही कारण हवं असतं. "२९ ला दुपारी दोनला फिरायला येतोस का? नंतर माझ्याकडे चहा" असं २० तारखेच्या आत विचारा. तिथे फिरायला जाणं हा रीतसर भेटीचा प्रकार आहे, त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. एकाकीपणावरच्या उपायांचा एकत्र आढावा मासी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये घेतला, त्यात नुसत्या भेटीगाठी वाढवण्यापेक्षा "त्यांना माझी अडचणच होईल" असल्या समजुती तपासून पाहण्याचा गुण जास्त दिसला. ती समजूत तपासायची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे वरचा मेसेज. तिघांना पाठवा, एकाचा होकार धरून चला. नकार आला तर "तेव्हा गावाला आहे" असं सहसा त्यात लिहिलेलं असतं. ते खरं माना.

चहाला आलेल्या माणसापुढे काय ठेवायचं हा प्रश्न नको म्हणून चिवडा करून ठेवा, दिवाळीला राहिलाच असेल. पातळ पोहे अर्धा किलो घेतले तर शेंगदाणे आणि डाळं शंभर-शंभर ग्रॅम, तेल सात-आठ टेबलस्पून. पोहे कढईत भाजू नका. जर्मन घरांत धुराचा अलार्म असतो आणि फोडणीच्या आधीच तो कोकलेल. ओव्हनमध्ये १०० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवा, मधे एकदा हलवा. चुरचुरीत होतात आणि आक्रसत नाहीत. फोडणी मंद आचेवर, खिडकी उघडून. हिरवी मिरची पूर्ण वाळेपर्यंत तळा, ओली राहिली तर दोन दिवसांत चिवडा मऊ पडतो. पाहुणे जर्मन असतील तर मिरच्या मागाहून वेचून काढा.

पत्त्यांचंही तसंच. स्टुटगार्ट म्हणजे श्वाबियन मुलूख, तिथले बिनोकल आणि गायगल हे घराघरातले पत्त्यांचे खेळ. जुन्या सहकाऱ्याला "मला बिनोकल शिकवशील का?" असं विचारून पाहा. शिकवायला सांगितलं की लोक सहसा नाही म्हणत नाहीत. बदल्यात त्यांना मेंढीकोट शिकवा: साधा ५२ पानांचा कॅट, चार भिडू, समोरासमोरचे जोडीदार, हुकूम, आणि जास्त दश्शा ज्यांच्या हाताला लागतील ती जोडी जिंकली. स्काटची (जर्मनांच्या आवडत्या पत्त्यांच्या खेळाची) सवय असलेला माणूस हे दहा मिनिटांत पकडतो. हुकूम ठरवायच्या आपल्याकडच्या वेगवेगळ्या पद्धतींपैकी एकच सांगा, नाहीतर पहिली अर्धी संध्याकाळ वादात जाईल.

चौथी जागा मॅजिकचं दुकान. कागदी पत्त्यांचा ड्राफ्ट बहुतेक मोठ्या शहरांत शुक्रवारी रात्री असतो. टेबलाला साधारण आठ जण, माणशी तीन पॅक, तीन-चार तास. अरीनावर वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाला नियम शिकायचे नसतात, हात शिकवायचा असतो. काही गोष्टी अरीना आपोआप करते आणि टेबलावर त्या स्वतः बोलून कराव्या लागतात: पाळीच्या सुरुवातीला ट्रिगर (पत्त्यांवर लिहिलेले, ठरावीक वेळी घडणारे परिणाम) आठवणं, आपलं आणि समोरच्याचं लाइफ कागदावर लिहिणं, हल्ला जाहीर केल्यावर थांबून "ब्लॉक?" (कुणाला अडवणार का?) विचारणं. पहिल्या दिवशी दोन-तीन ट्रिगर सुटतात, समोरचा हसून आठवण करून देतो, आणि संभाषणाला तेवढं पुरतं. ४० पत्त्यांपुरते स्लीव्ह, दोन फासे आणि पेन न्या. २७ ते ३० मध्ये दुकान उघडं आहे का ते आधी फोन करून विचारा, रविवारी बंदच असतं. दहा-बारा माणसांची भीती वाटत असेल तर ड्राफ्टऐवजी कमांडरच्या संध्याकाळी जा. चौघांचा डाव, १०० पत्त्यांचं डेक, आणि ते बहुतेक वेळा कुणीतरी उसनं देतं. त्या डावात गप्पाच जास्त होतात.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट, २४ ला अ‍ॅप का काढू नये. वर्षातला सर्वांत रिकामा दिवस असतो त्याच दिवशी हाताची सवय काढून घेतली, तर ती जागा मोबाइलवर इतरांचे सणाचे फोटो सरकवत बसण्याने भरते. ते शिडीपेक्षा वाईट. दोन दिवसांत अ‍ॅप परत येतं आणि सोबत "मला एवढंही जमत नाही" ही पुरवणी येते. "सुट्टीत एकही डाव नाही" हा निश्चयही असाच मोडतो. दिवसाला दीड तास, साडेआठच्या आत संपणारा, हे जास्त टिकतं.

याला व्यसन म्हणायचं का, हेही तुमच्या मनात असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी आयुष्यापेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान होत असूनही तो चालू ठेवणं, हे तिन्ही साधारण बारा महिने आणि नोकरी-नात्यांवर उघड परिणाम होईल इतकं दिसावं लागतं. डिसेंबरातले दोन आठवडे त्यात बसत नाहीत. मात्र जानेवारीत कामावर रुजू झाल्यावरही पहाटे तीन वाजत असतील, तर डॉक्टरांशी बोला.

त्याहून जवळचा धोका नैराश्याचा. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस उदास जाणं, कशातच रस न वाटणं, पहाटे चारला जाग येऊन परत झोप न लागणं, जेवण तुटणं, असं असेल तर खेळाचा विचार बाजूला ठेवा आणि तुमच्या हाउसआर्ट्सला (नेहमीच्या डॉक्टरांना) गाठा. सुट्टीत दवाखाना बंद असेल तर ११६११७ हा डॉक्टरी सेवेचा नंबर आहे. नुसतं कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलेफोनझेलसोर्ग, ०८०० १११ ० १११, चोवीस तास, फुकट, नाव न सांगता. २४ च्या रात्रीही उचलतात. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर थेट ११२. हे वाचणारे कुणी भारतात असतील तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर, मराठीतही बोलता येतं.

७ जानेवारीला वही काढा आणि तिच्याकडे बघून ठरवा. "खेळ" निम्म्याहून जास्त ओळींत असेल तर अरीना ठेवा, फक्त हजेरी सोडा. "हजेरी" आणि "कुणी नाही" यांनीच पानं भरली असतील तर दोन महिने बंद ठेवून बघा आणि शुक्रवारचं दुकान चालू ठेवा. फोन आणि लॅपटॉपवरून अ‍ॅप काढलं तरी पत्ते, सोनं, वाइल्डकार्ड (हव्या त्या पत्त्यावर बदलून घ्यायची कार्डं) सगळं खात्यात शाबूत राहतं, परत आलात की तसंच मिळतं. खातं मात्र डिलीट करू नका. इतक्या वर्षांचे पत्ते विकता येत नाहीत, मित्राला देता येत नाहीत, आणि एकदा गेले की गेले. काढण्याआधी साठलेलं सोनं एका संध्याकाळी दोन-तीन ड्राफ्टमध्ये उडवून टाका, मुद्दाम वाईट रंगांची जोडी घेऊन. तीन हारींत संपेल, बिघडलं काय त्यात?